पीटीएफच्या इमेजेसचा क्रम कोणी लावायचा?

प्रश्न शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या संगणक विभागाचा आहे. आधी तो थोडक्यात सांगतो. त्यांच्याकडे आयबीएमचा एक पॉवर सर्व्हर आहे, त्यावर आयबीएम आय ७.४ ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते. कास्टिंगची डिस्पॅच चलनं, ई-इनव्हॉइस, स्टोअर, पगार, सगळं त्या एकाच मशीनवर. आजवर पॅचिंग, म्हणजे आयबीएमचे दुरुस्तीचे पॅच (पीटीएफ) लावायचं काम, बाहेरचा माणूस येऊन करून जायचा. या वेळी ते काम हे लोक स्वतः करणार आहेत. फिक्स सेंट्रल या आयबीएमच्या साइटवरून नऊ इमेज फाइली (एकेका चकतीची हुबेहूब प्रत) उतरवून ठेवल्यात. त्यांत पीटीएफचे हे ग्रुप आहेत: क्युम (साठत आलेल्या पीटीएफचं एकत्र पॅकेज), हायपर (गंभीर दोषांवरचे), सिक्युरिटी, डेटाबेस आणि जावा. आधीच्या माणसाच्या ड्रॉवरमध्ये दोन कागद सापडले. एकावर क्युम पहिलं आणि बाकीचे ग्रुप मागून, दुसऱ्यावर बरोबर उलटं. त्यात मागच्या वेळी रात्री दीड वाजता सिस्टिम पुढचा व्हॉल्यूम, म्हणजे सेटमधली पुढची चकती, मागत थांबून राहिली होती. म्हणून ते विचारतात, इमेज कॅटलॉगमध्ये (सर्व्हरवरच्या इमेजेसच्या यादीत) क्रम नक्की कोणता लावायचा, आणि तो चुकला तर काय बिघडतं?

दोन्ही कागद फाडून टाका.

इमेजेस हाताला येतील तशा कॅटलॉगमध्ये घाला. सगळ्या घालून झाल्या की कॅटलॉग व्हर्च्युअल ऑप्टिकल ड्राइव्हवर लोड करा आणि 'व्हेरिफाय इमेज कॅटलॉग' ही कमांड चालवा. तिच्यात टाइपला 'पीटीएफ' आणि सॉर्टला 'यस' द्या (दोन्हींच्या आधी तारांकन लागतं). कुठला सेट आधी, कुठला नंतर, सेटमधला कुठला व्हॉल्यूम कितवा, हे सगळं ती ठरवते. त्यानंतर इन्स्टॉल पुरं होईपर्यंत त्या कॅटलॉगला कोणीही हात लावायचा नाही. घाई असेल त्यांनी इथं थांबलं तरी चालेल. पण मागच्या वेळी दीड वाजता काय झालं ते समजून घ्यायचं असेल तर पुढं वाचा.

मी या कामात पडलो तेव्हा या मशीनला एएस/४०० म्हणायचे. कोल्हापुरातले निम्मे लोक अजूनही तेच म्हणतात, आणि मीही दुरुस्त करायला जात नाही. हे मशीन जाहीर झालं २१ जून १९८८ ला. नंतर आयसिरीज, सिस्टिम आय अशी नावं बदलत २००८ पासून पॉवर सर्व्हर आणि आयबीएम आय अशी विभागणी झाली. तुमची ७.४ आवृत्ती २१ जून २०१९ ला आली, म्हणजे मशीनच्या एकतिसाव्या वाढदिवसाला. हा इतिहास सांगायचं कारण असं की इमेजेसच्या क्रमाचं कोडं त्या जुन्या काळातूनच आलंय. तेव्हा पीटीएफ टेपवर यायचे, मग सीडीवर, मग डीव्हीडीवर. सर्व्हर रूममध्ये एक माणूस हातात चकत्यांची चळत घेऊन बसायचा. स्क्रीनवर सूचना आली की पुढची चकती घालायची. तुमच्या ड्रॉवरमधले कागद त्या माणसासाठी लिहिलेले असणार. त्या त्या वेळच्या सेटसाठी ते बरोबरही असतील. सेट बदलला, व्हॉल्यूमची संख्या बदलली, की कागद शिळा.

इमेज कॅटलॉगनं त्या माणसाला रजा दिली. व्हर्च्युअल ड्राइव्ह म्हणजे एकच खाच असलेला ड्राइव्ह समजा, आणि कॅटलॉग म्हणजे शेजारची रॅक. रॅकमधल्या प्रत्येक इमेजला एक इंडेक्स क्रमांक असतो, १ ते २५६ मधला. कॅटलॉगच्या नोंदी पाहायच्या स्क्रीनवर प्रत्येक नोंदीपुढं तिची अवस्था दिसते. एक 'माउंटेड', म्हणजे आत्ता खाचेत असलेली. बाकीच्या 'लोडेड', म्हणजे रांगेत उभ्या. काही 'अनलोडेड', म्हणजे रॅकमध्ये आहेत पण रांगेत नाहीत. एका इमेजचं काम झालं की यंत्रणा इंडेक्सप्रमाणे पुढची लोडेड इमेज खाचेत घालते. तिला निवड करता येत नाही. रांगेत पुढं जो उभा त्यालाच ती आत घेते. क्युमच्या पहिल्या व्हॉल्यूमनंतर दुसरा हवा असताना रांगेत मध्येच जावाची इमेज उभी असेल, किंवा दुसरा व्हॉल्यूम चुकून अनलोडेड राहिला असेल, तर यंत्रणा ऑपरेटरला विचारणार आणि उत्तराची वाट बघत बसणार. तुमचं दीड वाजताचं प्रकरण बहुतेक हेच. त्या वेळी कॅटलॉगच्या नोंदींचा स्क्रीन उघडून हवा तो व्हॉल्यूम माउंट केला असता आणि संदेशाला पुढं जायचं उत्तर दिलं असतं, तर गाडी चालू झाली असती. पण ते सुचायला त्या वेळी जागं माणूस लागतं.

आता दोन्ही कागदांमागचा खरा गैरसमज. इमेजेसचा क्रम म्हणजे पॅच लागण्याचा क्रम, असं बहुतेकांना वाटतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इन्स्टॉलचं काम दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात सगळ्या व्हॉल्यूममधले पीटीएफ सिस्टिमवर लोड होतात, म्हणजे घरात येऊन पडतात. दुसऱ्या टप्प्यात ते लागू होतात, त्यातले पुष्कळसे पुढच्या आयपीएलला, म्हणजे सिस्टिम पुन्हा सुरू होताना. कुठला पीटीएफ कुणाच्या आधी लागायचा हे प्रत्येक पीटीएफच्या आतच लिहिलेलं असतं. याला आधी अमुक हवा, याच्या जोडीनं तमुक हवा, यानं त्या जुन्याची जागा घेतली, अशी ती नोंद असते. सिस्टिम ती वाचते आणि हिशोब लावते. जावाची इमेज क्युमच्या आधी वाचली म्हणून जावाचा पीटीएफ ऑपरेटिंग सिस्टिमच्या पीटीएफच्या डोक्यावर जाऊन बसत नाही. बाजारातनं आणलेल्या पिशव्यांतली कुठली आधी रिकामी केली यावरून तांबड्या रश्शाची चव ठरते का? सगळं सामान ओट्यावर आलं की फोडणीत आधी काय पडायचं ते करणाऱ्याला माहीत असतं. एक पिशवी रिक्षात राहिली तर मात्र रस्सा बिघडतो.

माझा भर त्या रिक्षात राहिलेल्या पिशवीवर आहे. क्रम चुकला तर यंत्रणा अडकते, आणि अडकलेली यंत्रणा निदान ओरडते तरी. एखादी इमेज आलीच नाही, अर्धवट आली, किंवा जुनी आली, तर इन्स्टॉल कधीकधी गुमान पुरं होतं आणि आपण सगळं लागलंय असं समजून घरी जातो. क्रम यंत्र लावतं. सगळं सामान आलंय ना, हे मात्र आपण बघायचं.

त्यासाठी आधी तुमच्या नऊ फाइलींकडं नीट बघा. प्रत्येक पीटीएफ ग्रुपला एसएफ९९ पासून सुरू होणारा क्रमांक असतो. ७.४ साठी क्युम म्हणजे एसएफ९९७४०, हायपर एसएफ९९७३९, सिक्युरिटी एसएफ९९७३८, टेक्नॉलॉजी रिफ्रेश एसएफ९९७३७, डेटाबेस एसएफ९९७०४. यातला ग्रुपचा क्रमांक आवृत्तीभर तोच राहतो, बदलत जाते ती त्याची लेव्हल. त्यामुळं 'आमच्याकडे हायपर आहे' या वाक्याला काही अर्थ नाही. कितव्या लेव्हलचा आहे ते सांगा. क्युमच्या पॅकेजचं नाव थोडं वेगळं वाचायचं. समजा सी १०६१७४० असं दिसलं, तर १ म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा, ०६१ म्हणजे वर्षातला एकसष्टावा दिवस, आणि ७४० म्हणजे आवृत्ती. २०२१ सालचं असेल तर तो दिवस २ मार्च. हे वाचता आलं की जुनी चळत आणि नवी चळत एका नजरेत वेगळी कळते. क्युम मागवलं की हायपर आणि डेटाबेसचे ग्रुपही त्याच्या जोडीनं येतात. म्हणून ते वेगळे उतरवले असतील तर कदाचित तुमच्याकडे एकाच ग्रुपच्या दोन प्रती असतील. त्या एकाच लेव्हलच्या आहेत का ते बघा. नसतील तर जुनी प्रत कॅटलॉगमध्ये घालूच नका. मागच्या खेपेच्या इमेजेस त्याच कॅटलॉगमध्ये ठेवून वर नव्या घालायची सवय मी पुष्कळ ठिकाणी पाहिलीय. माझ्या मते दर खेपेला नवा कॅटलॉग आणि नवी डिरेक्टरी करावी, नावात महिना आणि साल घालावं. डिस्कची जागा जाते, पण रात्री दोन वाजता डोकं शांत राहतं.

फाइली लॅपटॉपवरून सर्व्हरवर नेणार असाल तर एफटीपीत बायनरी मोड लावायला विसरू नका. हे इतकं साधं आहे की लिहायला लाज वाटते, पण याच एका चुकीनं माझे दोन रविवार गेलेत. ॲस्की मोडमध्ये पाठवलं की ते साधा मजकूर समजून बदललं जातं. फाइल पोचते, नाव बरोबर दिसतं, आणि आत सगळा चिवडा. फिक्स सेंट्रलवर दिलेला आकार आणि सर्व्हरवरचा आकार बाइटला बाइट जुळतोय का ते प्रत्येक फाइलचं बघा. नऊ फाइली आहेत, पाच मिनिटांचं काम आहे. इमेजेस कॅटलॉगमध्ये घालताना फाइली आधीच कॅटलॉगच्याच डिरेक्टरीत ठेवल्या असतील तर दुसरी प्रत बनत नाही. वेगळीकडून घातल्या तर तेवढीच जागा पुन्हा लागते.

मग व्हर्च्युअल ड्राइव्ह. नसेल तर ऑप्टिकल डिव्हाइस बनवा, रिसोर्सच्या जागी 'व्हर्च्युअल' द्या, तो व्हॅरी ऑन (चालू) करा आणि कॅटलॉग त्यावर लोड करा. एका ड्राइव्हवर एका वेळी एकच कॅटलॉग बसतो. आधीचा कुठला लटकलेला असेल तर तो उतरवा. यानंतर व्हेरिफाय.

व्हेरिफायचा संदेश वाचा. खरंच वाचा, एंटर मारून पुढं जाऊ नका. सेटमधला एखादा व्हॉल्यूम कमी असेल तर ती तिथंच सांगते, आणि ही माहिती शनिवारी दुपारी चहा पिताना मिळणं आणि रविवारी मध्यरात्री मिळणं यात फार फरक आहे. म्हणून मी व्हेरिफाय नेहमी एक दिवस आधी चालवतो. त्यासाठी सिस्टिम बंद करावी लागत नाही, वापरणाऱ्यांना कळतही नाही. सगळं ठीक असेल तर नोंदींचा स्क्रीन उघडून एकदा डोळ्यांनी बघा: एक माउंटेड, बाकीच्या सगळ्या लोडेड, अनलोडेड एकही नको. स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. यानंतर कोणाला 'आणखी एक छोटा ग्रुप घालूया का' असं सुचलं तर हरकत नाही, पण घातल्यावर व्हेरिफाय पुन्हा पहिल्यापासून. हाताने इंडेक्स बदलायची सोय त्या स्क्रीनवर आहे, आणि सगळे घोटाळे तिथूनच सुरू होतात.

पूर्वी मीही हे केलंय. एका सहकारी संस्थेत व्हेरिफाय झाल्यावर मला वाटलं, डेटाबेसचा ग्रुप लवकर घ्यावा. इंडेक्स बदलले. बदलताना क्युमचा दुसरा व्हॉल्यूम पहिल्याच्या वर गेला. मग जे व्हायचं तेच झालं. पहाटे चारला संस्थेच्या वॉचमनने आणून दिलेला चहा अजून आठवतो, कारण त्याने विचारलं होतं, "साहेब, मशीनला बरं नाही का?" मशीन धडधाकट होतं.

तुमच्याकडे एकच सर्व्हर आहे, तरी पुढचा भाग सांगून ठेवतो, कारण डीआरचा, म्हणजे आपत्तीच्या वेळी वापरायचा, दुसरा बॉक्स आज ना उद्या येणार. दोन मशीन असतील तर इमेजेस दोन्हीकडे कॉपी करायची गरज नसते. पहिल्या मशीनची डिरेक्टरी एनएफएसवर (नेटवर्कवरून फाइली वाटायची सोय) शेअर करायची, दुसऱ्यावर त्या डिरेक्टरीकडं बोट दाखवणारा ऑप्टिकल डिव्हाइस बनवायचा. इथं क्रमाची गोष्ट बदलते. दुसऱ्या मशीनला कॅटलॉग दिसत नाही. त्याला दिसते 'व्हॉल्यूम लिस्ट' नावाची एक साधी मजकुराची फाइल, जिच्यात दर ओळीला एका इमेजचं नाव असतं. त्या ओळींचा जो क्रम, तोच रांगेचा क्रम. आणि जे नाव त्यात नाही, ती इमेज डिरेक्टरीत असूनही दुसऱ्या मशीनच्या लेखी नसते. ही फाइल पहिल्या मशीनवर व्हेरिफाय चालवताना एनएफएस शेअरला 'यस' दिलं की बनते. सॉर्ट आणि एनएफएस शेअर दोन्हींना एकाच वेळी 'यस' द्यायचं, म्हणजे आधी क्रम लागतो आणि त्याच क्रमाने यादी लिहिली जाते. दुसऱ्या मशीनवरून क्रम दुरुस्त करता येत नाही; तिकडं सगळं फक्त वाचण्यापुरतं असतं.

जुलै २०२१ चा पूर आठवत असेल. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि कोल्हापूर त्या बाजूनं तुटलं. माझ्या एका ग्राहकाचं डीआर मशीन पुण्यात होतं. आमचा एक माणूस इमेजेस डिस्कवर घेऊन तिकडं जाणार होता, ते राहिलं. काम दोन आठवडे पुढं ढकललं आणि ठरवलं की जायचंच नाही, इथूनच एनएफएसवरून रात्रभर सोडायचं. तेवढ्यात हायपरची नवी लेव्हल आली. मी ती उतरवली, नवी इमेज डिरेक्टरीत ठेवली, पण फाइलचं नाव वेगळं होतं आणि यादी मी नव्याने बनवली नाही. जुनीही इमेज डिरेक्टरीत तशीच होती, 'लागली तर असू दे' म्हणून. पुण्याच्या मशीनने यादीप्रमाणे इमानदारीनं जुनी हायपर घेतली. कुठंही एरर नाही. महिनाभराने दोन्ही मशीनचे ग्रुप शेजारी ठेवून बघत होतो तेव्हा कळलं की एकाची लेव्हल मागं आहे. मघाशी गुमान पुरं होतं म्हणालो ते हे.

आता कॅटलॉगच्या बाहेरच्या क्रमाबद्दल. इथं मात्र यंत्र तुमच्यासाठी काही लावत नाही, इथं डोकं तुमचंच लागतं. आणि लोक सगळा वेळ इमेजेसच्या क्रमात घालवतात म्हणून हे राहून जातं.

सर्व्हर एचएमसीने (सर्व्हर सांभाळायचा वेगळा कन्सोल) सांभाळला जात असेल आणि फर्मवेअरही बदलायचं असेल, तर आधी एचएमसी नव्या पातळीवर न्या. फर्मवेअर एचएमसीच्या पुढं गेलं तर एचएमसीला आपलाच सर्व्हर नीट ओळखता येत नाही; आधी कळस मग पाया असा प्रकार. मग फर्मवेअर, मग पीटीएफ. तिन्ही एकाच रात्री करायचा मोह टाळा. काही बिघडलं तर कशामुळं ते शोधता येत नाही. फाउंड्रीच्या हिशोबानं सांगायचं तर एचएमसी या रविवारी, बाकी पुढच्या.

बॅकअपवर मी फार बोलत नाही, तो घ्यायचाच. सेव्ह मेनूतला पर्याय २१ घेतला तर अख्खी सिस्टिम येते. वेळ कमी असेल आणि रोजचा डेटा बॅकअप भरवशाचा असेल तर निदान २२, म्हणजे सिस्टिमचा भाग. दोन्हींसाठी सिस्टिम रिस्ट्रिक्टेड स्टेटमध्ये जाते, म्हणजे सगळे बाहेर. भट्टीवाल्यांना आणि गेटवरच्या वजनकाट्याला आधी सांगा.

पीटीएफसोबत येणारं कव्हर लेटर आणि क्युमच्या सूचना वाचणं हे लोकांना कंटाळवाणं वाटतं. मला मान्य आहे, ते कंटाळवाणंच आहे. पण एखादा पीटीएफ आधी लागलेला हवा, त्यानंतर एक आयपीएल हवा आणि मगच बाकीचं, अशी अट असेल तर ती तिथंच लिहिलेली असते. ती अट इमेजेसच्या रांगेत बसवता येत नाही, कारण मध्ये आयपीएल आहे. तुमच्या दोन कागदांपैकी एकावर क्युमच्या आधी काहीतरी लिहिलं होतं, त्याचं मूळ कदाचित अशा एखाद्या अटीत असेल. त्या वेळी ती खरी होती. आत्ताच्या पॅकेजला ती लागू आहे का ते आत्ताच्या सूचनाच सांगतील.

सुरू करण्याआधी डिस्प्ले पीटीएफ कमांड देऊन वरच्या भागात आयपीएल सोर्स बघा. तिथं ##MACH#B असं, म्हणजे शेवटी बी दिसायला हवं. लायसन्स्ड इंटर्नल कोडच्या (हार्डवेअरला सर्वांत जवळचा कोड) दोन बाजू असतात, ए आणि बी. रोजचं काम बी बाजूवर चालतं आणि नवे तात्पुरते पीटीएफ तिकडंच लागतात. कोणीतरी कधीतरी ए बाजूवरून मशीन चालू करून तसंच सोडलेलं मी पाहिलंय. तसं असेल तर आधी बी वरून आयपीएल करून घ्या, मग बाकी सगळं. तात्पुरते या शब्दाला घाबरू नका. पीटीएफ या नावातच 'तात्पुरता' आहे. तात्पुरता लावलेला काढता येतो, कायमचा केलेला निघत नाही. मागच्या खेपेचे सहा महिने त्रास न देता चाललेत, तर ते कायमचे करून मग नवी खेप लावणं मी पसंत करतो. नवी खेप लगेच कायमची करू नका.

इन्स्टॉल पीटीएफ मेनूतल्या पर्याय ८ वरून करा, ड्राइव्ह म्हणून तुमचा व्हर्च्युअल डिव्हाइस द्या, आणि आपोआप आयपीएलला 'नाही' म्हणा. पहिल्यांदा करताय म्हणून हे मुद्दाम सांगतो. आपोआप आयपीएल दिलं तर लोड आणि आयपीएल यांच्यामध्ये बघायची संधीच मिळत नाही. 'नाही' दिलं तर लोड झाल्यावर जॉब लॉग वाचता येतो, आणि वर्क विथ पीटीएफ ग्रुप्स या स्क्रीनवर प्रत्येक ग्रुपपुढं 'पुढच्या आयपीएलला लागणार' असं दिसतंय का ते बघता येतं. एखाद्यापुढं 'इन्स्टॉल नाही' दिसलं तर थांबा, आत्ताच शोधा. ग्रुपची लेव्हल तुमच्या यादीतल्या लेव्हलशी जुळते का तेही इथंच बघा. माझा पुण्याचा घोटाळा या एका नजरेत पकडला गेला असता.

मग आयपीएल. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, कधी कधी खूपच जास्त. कन्सोलवरचा कोड बराच वेळ तोच दिसला म्हणून कोणी पॉवरचं बटण दाबू नये, हे सर्व्हर रूमच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा. जनरेटरमध्ये डिझेल आहे का तेही बघा. भट्टीसाठी तुम्ही ते बघताच, त्या रात्री सर्व्हरसाठी बघा. आयपीएल झाल्यावर ग्रुपची स्क्रीन पुन्हा. सगळीकडं 'इन्स्टॉल्ड' हवं. एखाद्यापुढं अजूनही पुढच्या आयपीएलचं दिसत असेल तर त्याला दुसरा आयपीएल हवाय. ही चूक नाही, काही पीटीएफना तसं लागतं. म्हणून रविवारची वेळ ठरवताना दोन आयपीएलचा हिशोब धरा.

इंटरनेट असलेल्या मशीनवर एसक्यूएलमधून 'ग्रुप पीटीएफ करन्सी' हा तयार व्ह्यू चालवला तर तुमची लेव्हल आणि आयबीएमकडची ताजी लेव्हल शेजारी शेजारी दिसते. महिन्यातून एकदा बघत जा. इमेजेस उतरवायची वेळ कधी आली हे त्यावरून कळतं आणि कुणाच्या कागदावर विसंबावं लागत नाही.

कॅटलॉग आणि फाइली लगेच पुसू नका, पुढचे दोन आठवडे राहू द्या. नंतर नोंदी काढताना फाइल ठेवायची की नाही हे कमांड विचारते, तिथं जागेप्रमाणे ठरवा.

शेवटचं एक. एकदा असंच सगळं नीट झालं, ग्रुप सगळे इन्स्टॉल्ड, मी पहाटे पाचला घरी आलो. सात वाजता फोन. गेटवर ट्रक उभा, चलन निघत नाही, मालक चिडलेले, आणि सगळ्यांचं एकमत की पॅचनं घात केला. गाडी काढून परत गेलो. छापायच्या स्पूल फाइली रांगेत छान उभ्या होत्या. आयपीएलनंतर डिस्पॅचच्या प्रिंटरचा रायटर (छपाई करणारा जॉब) सुरूच झाला नव्हता, कारण तो स्टार्टअप प्रोग्रॅममध्ये कधी घातलेलाच नव्हता. दर वेळी कोणीतरी हाताने सुरू करायचं आणि तो माणूस त्या दिवशी रजेवर होता. तुमच्या स्टार्टअप प्रोग्रॅममध्ये काय काय आहे ते शनिवारीच बघून ठेवा, आणि सोमवारचं पहिलं चलन छापून हातात येईपर्यंत शिरोलीतच थांबा.